धूमकेतूवालीची दहा मिनिटं

काकू लेकीच्या बाळंतपणासाठी समुद्रापलीकडे गेल्या आणि तराजूकाकांच्या घरातली वाक्यं अर्धवट राहू लागली. "अगं, तो माझा..." एवढं म्हटलं की पूर्वी चष्मा हातात यायचा. "अगं, ते परवाचं..." म्हटलं की विजेचं बिल यायचं. इतक्या वर्षांच्या संसारात वाक्य पुरं करायची वेळ काकांवर आलीच नव्हती. आता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "अगं, ते..." म्हणत, आणि ते 'ते' पंख्याच्या वाऱ्यावर नुसतंच हलत राही.

तराजूकाका हे अर्थातच त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानादुकानांतून वजनं तपासायची, खरी असतील त्यांवर शिक्का मारायचा, हलकी निघतील ती जप्त करायची, यात त्यांची हयात गेली होती. इमारतीने त्यांना तराजूकाका केलं आणि ओघाने काकूंना तराजूकाकू. काकूंनी ते हसून घेतलं, काकांनी तोलून.

फोन रोज यायचा, अगदी चेहऱ्यांसकट. म्हणजे तशी योजना असायची. प्रत्यक्षात पडद्यावर बाळाची टाच, लेकीचा एक कान आणि कोपऱ्यात काकूंचं अर्धं कपाळ दिसे.

"बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली."

"झाडांना पाणी?"

"घातलं."

"बाळ बघा, कसं हसतंय!"

टाच हसत असल्याचं काका मान्य करत. मग ते अर्धं कपाळ विचारी, "जेवलात का?" काका म्हणत, "जेवलो." की फोन संपला. संपल्यावर त्यांना आठवे की आपल्याला काहीतरी बोलायचं होतं. फार मोठं काही नव्हे. घर फार मोठं झालंय, अशा धर्तीचं काहीतरी. पण लेक ऐकतेय, जावई मागून चहाचा कप घेऊन जातोय, अशा वेळी असलं वाक्य कुठल्या तोंडाने काढायचं? शिवाय काका फोनवर कधीच धड बोलले नव्हते. कचेरीत वरच्या साहेबांचा फोन आला की ते उभं राहून "हो, हो" म्हणत. ती सवय अजून सुटली नव्हती. नातवाची टाचसुद्धा त्यांनी पहिल्यांदा उभं राहूनच पाहिली.

अशात एके दिवशी काकू सहज बोलून गेल्या, "इथे फोनवर आपलं रेडिओ केंद्र लागतं हो. दिवसभर चालू ठेवते मी. बाळाला न्हाऊ घालताना तिथले बाजारभाव ऐकते. कांदा उतरलाय ना?"

"उतरलाय," काका म्हणाले. कांदा त्यांनी महिनाभर आणला नव्हता. पण त्यांच्या मनात काहीतरी लागून राहिलं.

त्याच आठवड्यात त्यांनी रेडिओवर निवेदन ऐकलं. 'इतिहासातल्या कर्तृत्ववान स्त्रिया' ही मालिका सुरू होत होती, आणि श्रोत्यांकडून दहा-दहा मिनिटांची भाषणं मागवली होती. काका दाढी करत होते. फेस अर्ध्या गालावर ठेवून ते खुर्चीत बसले. दहा मिनिटं! दहा मिनिटं ती आपलं ऐकणार, आणि मध्ये कुणी बाळ दाखवणार नाही. विषय कुठला का असेना. वजनमापांचा असता तर बरं झालं असतं, पण इतिहासातल्या स्त्रियांवाचून काकांचं आजवर कुठे अडलं नव्हतं तरी आता त्यांच्याकडेच काम होतं.

काकांना कर्तृत्ववान स्त्रिया मोजून तीन ठाऊक होत्या. घोड्यावरची एक राणी, रेडियम शोधणाऱ्या बाई, आणि समोरच्या दारातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिसरी हयात होती आणि चुका काढायची. म्हणून काका आधी तिच्याकडेच गेले.

या मुख्याध्यापिकांना इमारत हेडबाई म्हणे. त्यांनी काकांना बसायला सांगितलं नाही, हातात पेन्सिल दिली.

"लिहा. राजकारण, विज्ञान, कला. तिन्ही विभागांतून उदाहरणं हवीत. एक विभाग सोडलात तर गुण जातील."

"याला गुण नाहीत हो."

"असं सगळ्यांनाच वाटतं," हेडबाई म्हणाल्या.

जिन्यात बातमी फुटायला वेळ लागला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. सोसायटीचं नाव रेडिओवर जाणार म्हणजे समतोल राखला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. "राण्या दोन घ्या. एक जिंकलेली, एक हरलेली. म्हणजे कुणाची तक्रार नको." दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी पाच डॉक्टर स्त्रिया सुचवल्या आणि पाचही सुटल्या तर आपण दुखावले जाऊ असं हसत हसत सांगितलं. दातांच्या डॉक्टरला दुखवण्याची काकांची छाती नव्हती. हेडबाईंनी तर रोज नवी कवयित्री आणली. कुणी पंतप्रधान आली, कुणी नर्तकी, कुणी विमान उडवणारी, कुणी गणित करणारी. काका कुणालाच नाही म्हणेनात. आयुष्यभर वजनं नाकारण्यात गेलेला हा माणूस, पण माणसांना नाकारायची वेळ आली की त्याचा काटा थरथरे.

होता होता भाषणात चाळीस बायका झाल्या. काकांनी हिशेब केला. एकीच्या वाट्याला पंधरा सेकंद येत होते. त्यांनी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलं. ऐकणाऱ्याला वाटावं की एखाद्या कन्याशाळेत हजेरी चालली आहे आणि शाळेला आग लागली आहे.

त्या दिवशी फोनवर लेक दाराशी कुणाशी तरी बोलत होती. काकांनी संधी साधून काकूंना विचारलं, "अगं, रेडिओवर बायकांबद्दल काही असलं तर ऐकशील का तू?"

"कुठल्या बायका?"

"पुष्कळ आहेत. चाळीसेक."

काकू हसल्या. "चाळीस जणी एकदम घरात आल्या तर मी चहा कुणाकुणाला करू? एकीबद्दल नीट सांगितलं तर ऐकीन." एवढ्यात बाळ रडलं आणि कपाळ गेलं.

काकांनी त्याच संध्याकाळी एकोणचाळीस जणींना निरोप दिला. हेडबाईंनी दोन दिवस दार उघडलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "निदान हरलेली राणी तरी ठेवायची." दंतवैद्यबाईंनी मात्र नुसतं काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

यादीत नुसतं नाव असलेली उरलेली चाळिसावी काकांना खरी भेटली ती लेकीच्या जुन्या कपाटात. लेकीचं लहानपणचं ग्रहताऱ्यांचं पुस्तक तिथे होतं, त्यात एका पानावर एक ठेंगणी बाई दुर्बिणीशेजारी उभी होती. तिचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. काकांच्या जिभेवर ते दर वेळी निराळं पडे, म्हणून इमारतीत ती धूमकेतूवालीच झाली. लहानपणी मोठं दुखणं आल्यामुळे तिची वाढ खुंटली होती. आईला वाटे हिने घरकामच करावं. भावाने तिला आपल्याकडे नेलं आणि गाणं शिकवलं. ती चांगली गाऊही लागली. मग भावाला ताऱ्यांचा नाद लागला आणि तिचं गाणं मागे पडलं. तो दुर्बिणीचे आरसे घासायला बसला की तासन्‌तास उठत नसे, तेव्हा ती त्याच्या तोंडात घास घाली. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि राजाने तिला पगार सुरू केला. एवढं सगळं करून तिला पाढे काही शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. ते ती कागदावर लिहून जवळ बाळगायची.

पाढ्यांपाशी येऊन काका थांबले. काकूंचंही सातापुढे अडत असे. बाजारातून येऊन त्या पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारत, "अहो, आठ साते?" पुस्तक मिटून काका बराच वेळ कपाटापाशीच बसून राहिले.

भाषण घेऊन ते रेडिओ केंद्रावर गेले. तिथल्या कारकुनाने ते उलटंसुलटं पाहिलं.

"बाई हयात आहेत का?"

"कोण?"

"ज्यांच्यावर बोलायचंय त्या. हयात व्यक्तीवर भाषण चालत नाही. नियम आहे."

"अहो, त्यांना जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली."

"असेल. दाखला?"

काका म्हणाले, दाखला नाही. कारकून म्हणाला, मग आम्ही कसं समजायचं? "शिवाय हे बघा, राजाने पगार दिला असं लिहिलंय. राजा म्हणजे राजकारण आलं."

"राजाही वारला."

"त्याचाही दाखला लागेल."

शेवटी तडजोड झाली. पुस्तकातल्या त्या पानाची प्रत आणायची, पण साक्षांकित. काकांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. ते टोपणात परत घालताना त्यांचे कान तापले. निवृत्त माणसाची सही चालत नव्हती. ज्याच्या एका शिक्क्यावर अख्ख्या शहराचा किलो किलो ठरत होता, त्याला आता एका मेलेल्या बाईला मेलेली म्हणायचाही अधिकार उरला नव्हता.

ते आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता एक नवे निरीक्षक होते. ते भले होते, त्यांनी चहा मागवला, पण सही करताना तेही अडले. "मूळ प्रत पाहिली, असं लिहावं लागतं काका. यात मूळ म्हणजे काय धरायचं?" बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'मूळ पुस्तक पाहिले. मूळ व्यक्ती पाहिली नाही.' खाली शिक्का मारला. रेडिओच्या कारकुनाला हे फार आवडलं. म्हणाला, "असं स्वच्छ काम हवं."

पुढचा अडथळा काकांच्या तोंडातच निघाला. आवाजाच्या चाचणीला काचेपलीकडे एक तरुण कार्यक्रम अधिकारी बाई बसल्या होत्या. कानांवर मोठी यंत्रं, समोर थंड झालेला चहा. काकांनी एक परिच्छेद वाचला. बाईंनी हात वर केला.

"शिट्टी कोण वाजवतंय?"

कुणीच वाजवत नव्हतं. काकांनी पुन्हा वाचलं. "सोळाव्या वर्षी..." पुन्हा शिट्टी. तेव्हा उलगडा झाला की काकांच्या पुढच्या बसवलेल्या दातांमधून 'स' आणि 'श' निसटतात तेव्हा मागे एक बारीक सूर सोडून जातात. घरी हे कधी कुणी बोललं नव्हतं. काकू बोलल्या नव्हत्या. त्या एवढी वर्षं शिट्टीसकट ऐकत आल्या होत्या.

"दात करून घ्या," अधिकारी बाई म्हणाल्या. "नाहीतर माईक फाटेल. गुरुवारी ध्वनिमुद्रण."

काका दुसऱ्या मजल्यावर गेले. दंतवैद्यबाईंनी तोंडात दिवा घातला, आरसा फिरवला आणि शांतपणे सांगितलं, "होईल. तीन आठवडे लागतील." मग दिवा विझवत म्हणाल्या, "पाच डॉक्टर होत्या, नाही का, तुमच्या यादीत?"

राहता राहिला एकच मार्ग. दात बदलता येत नसतील तर भाषा बदलायची. काका लाल पेन्सिल घेऊन बसले आणि भाषणातले सगळे 'स' आणि 'श' वेचून काढू लागले, तांदळातले खडे वेचावेत तसे. 'स्त्री' पहिल्याच ओळीत गेली, तिथे 'बाई' आली. 'शोधले'चं 'हुडकले' झालं. 'आकाश' गेलं, 'आभाळ' आलं. 'घास' अडला, त्याचा 'तुकडा' झाला. 'आरसा' काही केल्या बदलेना, तेव्हा भाऊ नुसतंच दुर्बिणीचं काम करू लागला. मालिकेच्या नावातच 'इतिहास' होता, त्याला काका काही करू शकत नव्हते. तेवढं निवेदिका म्हणेल अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

हेडबाईंचा राग एव्हाना उतरला होता. त्यांनी सुधारलेली प्रत वाचायला मागितली. वाचताना त्यांची पेन्सिल हवेतच राहिली. "भाषा अगदी घरगुती झालीय हो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण राहू दे. बरी वाटते."

गुरुवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेले. रेडिओवर शर्ट दिसत नाही, हे त्यांना सेक्रेटरींनी सांगितलं होतं. तरी त्यांनी घातलाच. जड दार मागे बंद झालं आणि खोलीत इतकी शांतता झाली की काकांना स्वतःच्या घड्याळाची लाज वाटली. समोर माईक. काचेपलीकडे बाईंनी बोट खाली केलं. काका उठून उभे राहिले.

"बसून वाचा."

"बसून जमत नाही मला."

बाईंनी उसासा टाकून माईक उंच केला.

काका वाचू लागले. "ती उंचीने फार वाढली नाही. पाढे तिला कधीच पाठ झाले नाहीत. ते कागदावर लिहून ती जवळ ठेवी..." शिट्टी नव्हती. काकांना धीर आला. धूमकेतूवालीने भावाला तुकडा तुकडा भरवला, एकामागून एक आठ धूमकेतू हुडकले, राजाने वेतन दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटचं पान आलं. भाऊ वारल्यावर धूमकेतूवाली आपल्या जन्मगावी परतते आणि तिथे तिचं मन लागत नाही, तो भाग.

"तिथे घरं उंच होती," काका वाचत होते. "आभाळ नजरेला पडेना. एवढं आभाळ मोजलेली बाई, आणि आता..."

आणि आवाज बंद पडला.

कागद समोर होता, अक्षर ठळक होतं. पण त्या माईकच्या जाळीपलीकडे, पार समुद्रापलीकडे, आपल्यासाठी उघडा असा एक कान आहे आणि मध्ये कुणीही नाही, हे काकांना त्या क्षणी नको तितकं खरं वाटलं. बोलायचं ते बोलायला याहून बरी जागा मिळणार नव्हती. ते ताठ उभे राहिले, दोन्ही हातांनी कागद धरून. काचेपलीकडच्या बाईंनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा काकांकडे. हात काही वर केला नाही. बऱ्याच वेळाने काकांनी उरलेल्या दोन ओळी कशाबशा वाचल्या.

"पुन्हा घ्यायचं का?" काकांनी बाहेर येऊन विचारलं.

बाईंनी कानांवरची यंत्रं काढली. "नको," त्या म्हणाल्या. "वेळेत बसतंय."

प्रसारणाच्या दिवशी हेडबाईंच्या दिवाणखान्यात इमारत जमली. खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर आमंत्रण लावलं होतं आणि त्यात आपलं नाव काकांच्या आधी घातलं होतं. दंतवैद्यबाईही आल्या, जरा मागे बसल्या. काकूंना काकांनी दुपारीच लेकीकरवी वेळ कळवली होती. हेडबाईंनी रेडिओ लावला. तिथे क्रिकेटचा सामना चालू होता. तो संपेल, मग लागेल, असं सेक्रेटरी म्हणाले. सामना संपेना. कुणीतरी शेवटचा गडी होता तो बाद व्हायलाच तयार नव्हता. एकदाचा झाला, तर बातम्या लागल्या. बातम्यांनंतर शेतीविषयक सल्ला. धूमकेतूवालीचं नावही कुणी घेतलं नाही.

माणसं एकेक करून उठली. जाताना प्रत्येकाने काकांचा हात हातात घेतला, जसं घरात काही झाल्यावर घेतात. सेक्रेटरी म्हणाले, "कळवू आपण वरपर्यंत." हेडबाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी जन्मात प्रथमच हळू आवाजात सांगितलं, "पुढच्या वर्षी पुन्हा बसा परीक्षेला."

काकांनी घरी येऊन शर्ट काढून घडी करून ठेवला. फोन आला नाही. त्यांनीही केला नाही. काय सांगणार होते? इतक्या दिवसांचा खटाटोप एका शेवटच्या गड्याने खाऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध घेऊन जिना चढत होते तेव्हा फोन वाजला. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. उभे होतेच. पडद्यावर काकू होत्या. अख्ख्या. टाच नाही, कान नाही. तिकडे संध्याकाळ होती आणि खोलीत दिवा लावायचा राहिला होता.

"लागलं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुमचं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी. इकडे सकाळी तो सामना सगळा ऐकला मी, शेवटच्या चेंडूपर्यंत. मग वाटलं, गेलं. तरी नेहमीसारखं लावून ठेवलं होतं, बाजारभावासाठी. तर एकदम तुम्ही."

काका जिन्याच्या कठड्याला टेकले. इमारतीत कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतः ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी ते दुधाच्या रांगेत होते.

"कसं झालं?"

"आभाळ काय, हुडकले काय! तुम्ही कधी आभाळ म्हणता? मी म्हटलं, हे कोण बोलतंय. मग त्या पाढ्यांचं ऐकलं." काकूंनी फोन जरा जवळ धरला. "तिचंही सातालाच अडायचं का हो?"

"पुस्तकात तेवढं दिलं नव्हतं."

"हं." मग म्हणाल्या, "आणि शेवटी तुम्ही थांबलात. 'आणि आता' म्हणालात आणि थांबलात."

काका कठड्यापासून सरळ झाले. "ते कापलं नाही त्यांनी?"

"नाही. बराच वेळ होतं. ही म्हणाली, आई, रेडिओ बंद पडला वाटतं, दुसरं काही लाव. म्हटलं, हात लावू नकोस."

"मग?"

"मग मी आवाज मोठा केला."

काका काही बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं, मिटलं. पडद्यावरच्या काकू तशाच बसून होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि काका जिन्यात तसेच उभे होते. तिकडे मागून लेकीचा आवाज आला.

"आई, बाबा बोलत का नाहीयेत? आवाज येत नाहीये का? ठेव, मी परत लावून देते."

"येतोय," काकू म्हणाल्या. "तू बाळाकडे बघ."